हात न सोडणारे इंगोलेकाका

इंगोलेकाकांनी एकदा तुमचा हात हातात घेतला, की पाच मिनिटं तरी तो परत मिळत नाही.

आमच्या जऊळक्यात हे सगळ्यांना माहीत आहे. नवा माणूस मात्र गडबडतो. काका आरोग्य खात्यातून निवृत्त झाले, पण प्रेशर मोजायचं यंत्र अजून खांद्यावरच्या पिशवीत असतं. काका आकडा पाहतात आणि म्हणतात, "आकडा राहू दे. हात आन इकडे." माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी ऐन मुहूर्तावर नवरदेवाचा हात धरला. थंडगार! "प्रेशर दीडशे. भेलं पोट्टं," काका म्हणाले. हात ऊन झाल्यावरच त्यांनी सोडला. मंगलाष्टकं तोवर थांबली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मला ते कारणही सांगत. "सर, मानूस भेला की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटते. काळीज धडधडते, कातडीच्या नसा आवळतेत, म्हून हात थंडा. धडधाकट मानसाचं प्रेशर त्यानं वर चढते, भेव गेलं की उतरते. पन आतून रक्त चाल्लं असंन, तरी थेच सुटते. तवा त्याची सारी ताकद प्रेशर पडू न देन्यातच जाते. आकडा दिसते चांगला, अन् मानूस हातचा चाल्ला रायते."

मी मान डोलवायचो. आता हात सुटला तर बरं, एवढंच मनात असायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शेजारचा गजानन वांग्यांचे क्रेट टेम्पोत चढवताना पाय घसरून पडला. डावी कूस टेम्पोच्या कडेवर आपटली. रक्ताचा थेंब नाही. थोड्या वेळानं तो ओट्यावर बसून चहा पीत होता. काकांनी प्रेशर मोजलं. एकशेवीस-ऐंशी.

"पाहा, तुमच्याहून चांगलं हाय," गजानन हसला. "सोडा आता, मंगरूळचा बाजार चुकन माहा."

काकांनी हात धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आम्ही हसायला लागलो. गजाननची बायको रेखा म्हणाली, "काका, सोडा ना त्याइले."

काका हसले नाहीत. "हात ऊन होऊन नाई राह्यला. नाडी वाढून राह्यली. सर, तुमची गाडी काढा. वाशिमले चाला."

"काहून लोकाइले भेववता?" गजानन चिडला.

"मंग दे शिव्या. आता चाल."

काकांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी गाडी काढली. अर्ध्या वाटेत गजाननचं बोलणं थांबलं, ओठ पांढरे पडले. काकांनी पुन्हा मोजलं. वरचा आकडाच ऐंशी. "आता अंगाचा जोर सरला," ते हळूच म्हणाले. "सर, दाबा गाडी."

दवाखान्यात कळलं, डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटली होती. पोट रक्तानं भरलं होतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचला. रेखानं काकांच्या पायावर डोकं टेकवलं. काका अवघडून बाजूला झाले आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले.

"काका, तुमच्यामुळे वाचला," मी शेजारी बसत म्हणालो.

काकांनी खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली. मग समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "माह्या बायकोले, विमलले, तिसरा महिना होता. पोटात दुखे. गर्भ नळीत वाढून नळी फुटली होती, आतून रक्त चाल्लं होतं, मले काय मालूम! म्या सोता प्रेशर मोजलं. एकशेदहा. थे मने, हात थंडे पडले, जरासे धरून बसा. म्या मनलं, आकडा चांगला हाय, नीज. अन् ड्यूटीवर गेलो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. 

दिवस मावळता मावळता आम्ही जऊळक्याला परतलो. त्यांच्या दारापुढे गाडी थांबवली. काका उतरले, दोन पावलं गेले आणि मागे फिरले.

"सर, घाई नसंन तं बसता काय जरासे? च्या मांडतो."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एकच खुर्ची होती. ती मला देऊन ते खाली बसले. चहात साखर घालायची ते विसरले होते.  मी सावकाश, पूर्ण कप प्यालो.