न झालेल्या बायकोचा दहावा

मी काळाचौकी सोडून मराठवाड्यात गेलो, याला संयुक्त महाराष्ट्र जबाबदार आहे. म्हणजे चळवळ नव्हे. चळवळीत ओरडून ओरडून घसा बसलेले आमचे तात्या. तात्या माझे मामा आणि आमच्या खोलीचे कारभारी. खोली म्हणजे गावकीची खोली. मालवणाकडच्या एकाच वाडीतली नऊ माणसं तिच्यात राहायची. आठ गिरणीत जाणारी आणि नववा मी, लवू परब, मराठी घेऊन एम. ए. झालेला (दुसऱ्या वर्गात, पण खोलीत पहिला).

अठ्ठावन्न साली धोंडखेड नावाच्या गावात नवं कॉलेज निघालं आणि कसं कोण जाणे, मला तिथे लेक्चररची नोकरी लागली. धोंडखेड नकाशात सापडेना. तिथे जायचं नाही असं मी ठरवून टाकलं आणि तात्यांना तसं सांगितलं.

"काल बेळगाव-कारवारासाठी बोंब मारलंस," तात्या बसक्या आवाजात म्हणाले, "आणि आज मराठवाड्यात नोकरी गावली तर तोंड वाकडा करतंस? मगे तुका महाराष्ट्र संयुक्त होयो तरी कशाक?"

आठही जण हसले. आणि खरं सांगायचं तर मला जायला लावणारं आणखी एक कारण होतं. तिचं नाव लतिका.

लतिकाचे वडील बुधाजीराव सकपाळ लालबागला राहत, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. ती परळच्या शाळेत शिकवायची. मी बघायला गेलो तेव्हा तिने चहा पुढे ठेवला आणि मान खाली न घालता सरळ माझ्याकडे पाहिलं. मी चहा सांडला. ती हसली. तेवढ्या भांडवलावर मी त्या रात्री संसार थाटून, दोन मुलांची बारशीसुद्धा उरकून टाकली. पण बुधाजीराव व्यवहारी.

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले, "पण माझी मुलगी काय तुमच्या आठ गाववाल्यांत राहणार? आधी घर दाखवा. मी स्वतः येईन, बघेन, मग सुपारी फोडू."

मुंबईत घर! पागडीचा आकडा ऐकूनच मी दोनदा खाली बसलो होतो. धोंडखेडला मात्र वाटेल तेवढी घरं मिळतात असं कुणीसं सांगितलं. तेव्हा मी ट्रंक उचलली, आठ जणांच्या पाया पडलो (त्यातले चार माझ्यापेक्षा लहान होते, पण घाईत कळलं नाही) आणि निघालो.

धोंडखेडला घरं होती. पण एकट्या माणसाला घर द्यायचं नाही, असा त्या गावचा कडक रिवाज होता. ज्ञानोबाकाका मुळे यांचं तीन खोल्यांचं घर रिकामं होतं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "बिऱ्हाड कुठंय?"

"मागाहून येणार आहे."

"म्हंजे बायको हाय की न्हाई?"

"आहे तर! दिवाळीच्या आत येईल." (हे अगदीच खोटं नव्हतं. बायको होती, फक्त तिचं माझ्याशी लग्न व्हायचं होतं.)

घर मिळालं. आणि त्या घरात पहिल्यांदा मला कळलं, की मी जन्मात कधी एकटा झोपलो नव्हतो. खोलीत माझ्या एका बरगडीत गुणाजीचा गुडघा असायचा आणि दुसऱ्या कानात बाबलचं घोरणं. इथे तीन खोल्यांत माझ्याशिवाय कोणी नाही. खोकलो तरी पलीकडून कोणी "मेल्या, झोपाक दी" म्हणेना. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगला हुंदके देऊन रडलो. रोज रडायचो. शेजारची भिंत मातीची होती आणि भिंतीपलीकडे ज्ञानोबाकाकांच्या मंडळी, म्हणजे काकू, राहत होत्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आमच्या चाळीत दिवसा दार लावलं, की काहीतरी विपरीत घडलंय असं समजून माणसं धावत येतात. म्हणून मी दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसायचो. वाटायचं, कोणीतरी आत येईल, चहा मागेल, निदान भांडेल तरी. कोणी येईना. दार उघडं दिसलं म्हणून यायची ती एक शेळी. तिने माझ्या काव्यशास्त्राच्या नोट्स खाल्ल्या. (त्या वर्षी त्या नोट्स पचवणारी ती एकटीच.) दाढी वाढली होती, कारण आरसा सर्व्हिस मोटारीत फुटला होता. अंधाराची भीती वाटायची, म्हणून खोलीच्या मधोमध जमिनीवर एक पणती रात्रंदिवस तेवत ठेवलेली होती. आणि एका संध्याकाळी भाकरी करण्याचा निर्धार करून ज्वारीच्या पिठाचा डबा खाली काढायला गेलो, तो डबा हातातून सुटला आणि पीठ बरोबर त्या पणतीभोवती पसरलं. ते गोळा करण्याचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी तसाच उपाशी झोपलो.

सकाळी काकू ताक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी पणतीकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं, माझ्या दाढीकडे आणि सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"अगं बाई! कवा झालं हे, सर?"

"काल संध्याकाळी."

"एकाएकी?"

"एकाएकीच. हातातून गेलं, मला काही करताच आलं नाही."

"आन् आमाला हाक न्हाई मारली?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला कशाला त्रास?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "ते पीठ हलवू नका, सर. उद्या सकाळपत्तोर तसंच असू द्या," एवढं बोलून त्या निघून गेल्या. मला बरं वाटलं. परमुलखात केर काढू नका म्हणणारं माणूस भेटणं हे भाग्यच.

कॉलेजात गेलो तर सगळे गप्प. प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "परब, आज कशाला आलात? रजा घ्या."

"नको, सर. काम केलं म्हणजे विसर पडतो."

साहेबांनी चष्मा पुसला. मग पटांगणात सगळ्या कॉलेजने उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. मीही उभा राहिलो, मान खाली घालून. कोण गेलं ते विचारणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी तर माझ्या घराला जत्रेचं रूप आलं. माणसं यायची, घोंगडीवर बसायची, जमिनीकडे बघून उसासा टाकायची आणि "येतो"सुद्धा न म्हणता उठून जायची. सोबत कोणी पिठलं-भाकरी आणायचं, कोणी वरण-भात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो आणि पहिल्यांदा रडलो नाही. धोंडखेडच्या माणुसकीविषयी माझं मत फारच चांगलं झालं. (सुतकाच्या घरी असंच करतात, हे आमच्या कोकणातही लहान पोराला ठाऊक असतं. पण आपल्या घरात कोणी मेलेलंच नसताना ते कुणाच्या डोक्यात येईल?)

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकू चार बायका घेऊन आल्या. पाचही जणी पणतीभोवतीच्या पिठावर ओणव्या झाल्या. पिठात खुरं उमटली होती. स्वच्छ, ठसठशीत.

"शेळी!" काकू म्हणाल्या. "शेळीच्या जल्माला गेली माउली."

"कोण माउली?" मी विचारलं.

"असं काय करता, सर? तिकडं मुंबईला वारलेली तुमची बायको!"

गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला हे पाहायला दिव्याभोवती पीठ पसरतात, ते आत्ता मला आठवलं. मी तोंड उघडलं. "अहो, माझी बायको मेलेली नाही" असं म्हणायला गेलो, पण मग तिला आणून दाखवावं लागलं असतं. "मला बायकोच नाही" म्हणावं, तर घर जाणार. घर गेलं की लतिका गेली. मी तोंड मिटलं. बायकांनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या. तेवढ्यात शेळी आत आली आणि तिने माझ्या धोतराचा सोगा चघळायला घेतला.

"बगा, वळकते तुमाला," एक जण म्हणाली आणि पाचही जणी रडल्या. मीही रडलो. माझं कारण वेगळं होतं.

पुढे सगळं ज्ञानोबाकाकांनी हातात घेतलं. माहेरचं कोणी नाही का, असं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. दहाव्याला सगळं गाव ओढ्यावर जमलं. पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर सतरा कावळे बसले होते, पण एकही खाली येईना.

"काई तरी इच्छा राहिली असंल तिची," काका माझ्या कानाशी म्हणाले. "आठवा, सर. काय राहिलं होतं?"

काय सांगणार? बिचारीचं लग्नच राहिलं होतं. शेवटी पिंड शेळीने खाल्ला आणि सगळं गाव कृतकृत्य होऊन घरी गेलं.

आता माझी भिस्त एकाच गोष्टीवर होती. बुधाजीराव शनिवारच्या मोटारीने घर बघायला यायचे होते. मी त्यांना स्टँडवरच गाठणार, कुणाशी बोलू न देता घर दाखवणार आणि त्याच मोटारीने परत पाठवणार, असा माझा बेत होता. पण मुंबईत चळवळीच्या समितीचा हरताळ पडला, गिरणी बंद राहिली, आणि बसून काय करायचं म्हणून बुधाजीराव दोन दिवस आधीच निघाले. मी म्हटलं ना, सगळ्याला संयुक्त महाराष्ट्र जबाबदार आहे.

ते पोचले तेव्हा मी वर्गात करुणरस शिकवत होतो. घरी काकू होत्या. बुधाजीराव आपल्या रोखठोक पद्धतीने त्यांना म्हणाले, "मी मुलीचा बाप. घर बघायला आलोय."

काकूंनी असा हंबरडा फोडला म्हणतात, की तो वेशीपर्यंत ऐकू गेला. "आता आलात व्हय, बाबा! कालच तिचा दहावा झाला!"

मी धावत घरी आलो. पडवीत बुधाजीराव टोपी हातात घेऊन बसले होते. समोर हळदकुंकू लावलेली, गळ्यात झेंडूची माळ घातलेली शेळी उभी होती. भोवती निम्मं गाव.

"परब," बुधाजीराव सावकाश म्हणाले, "ही कोण आहे?"

"शेळी आहे."

"या बाई म्हणतात, माझी मुलगी आहे."

"तसं नाही, बुधाजीराव. म्हणजे ही माझी बायको... म्हणजे तीही नाही..."

"माझी मुलगी परवा मला लालबागला डबा भरून देत होती."

गावात कुजबुज सुरू झाली. बाप दुःखाने भ्रमिष्ट झाला, असा निष्कर्ष निघाला. दोघा-तिघांनी त्यांना दंडाला धरून पाणी पाजलं. बुधाजीरावांनी टोपी घातली आणि आल्या मोटारीने ते परत गेले. "येतो" म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी ज्ञानोबाकाका आले. "सर, तुमचं दुःख डोंगराएवढं. पर आता तुमी एकटे. एकट्या माणसाला घर द्यायचं न्हाई, हा आमचा रिवाज तुमाला ठाऊकच हाय." मी ट्रंक उचलली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बरण्यांतल्या बेडकांशेजारी पथारी टाकली. घर गेलं होतं. लतिकासाठी मात्र एकदा जीव टाकून बघायचं ठरवून मी मुंबईची गाडी धरली.

लालबागला बुधाजीरावांसमोर बसून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पणती, पीठ, काकू, कावळे. आतल्या दारामागे लतिका हसत होती. इतकी हसली, की तिला उचकी लागली. माझ्या आशेला पालवी फुटली. जी मुलगी आपल्यामुळे एवढी हसते, ती आपल्याला नाही कशी म्हणेल?

"म्हणजे तुम्ही बिजवर नाही?" बुधाजीराव म्हणाले.

"शपथेवर सांगतो, नाही!"

"मग तर कठीणच झालं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बिजवर मी चालवून घेतला असता. त्याला संसार ठाऊक असतो. पण बायको नसताना जो माणूस तिच्या दहाव्याला जेवतो, त्याच्या हाती मुलगी द्यायला माझी छाती होत नाही."

लतिका दाराशी आली. तिने डोळे पुसले होते, पण हसू अजून ओठांवर होतं. "पाणी घ्या," ती म्हणाली. मी पाणी घेतलं. भांडं खाली ठेवलं आणि खोलीची वाट धरली.

मार्गशीर्षात दादरला तिचं लग्न झालं. आमच्या खोलीला आमंत्रण होतं, तेव्हा तात्या मला ओढून घेऊन गेले. नवरा माझगावचा, रामदास नावाचा, गोदीत नोकरी आणि स्वतःच्या दोन खोल्या. बिजवर होता. खराखुरा.

मी अक्षता टाकून, जेवून गुपचूप सटकणार होतो. पण तात्यांनी मला धरून स्टेजपर्यंत नेलं. "हो आमचो भाचो, धोंडखेडाचो प्रोफेसर." नाव ऐकताच नवरदेवाने माझे दोन्ही हात हातात घट्ट धरले. माझी गोष्ट लालबागपासून माझगावपर्यंत जाता जाता अर्धीच पोचली असावी. त्याचे डोळे पाण्याने भरले.

"ऐकलं मी तुमचं," तो म्हणाला. "मी या दुःखातून गेलोय. धीर सोडू नका. पहिलीची जागा कोणी घेत नाही, पण आपल्यालाही मिळते कोणीतरी."

शेजारी शालूतली लतिका खाली मान घालून हसू दाबत होती. "अहो, मला पहिलीच मिळायची आहे," असं मी त्याला ठणकावून सांगणार होतो. पण एव्हाना सवय झाली होती. मी मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणालो, "फार गुणी होती हो."