निळ्या चिठ्ठीची कॅसेट

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची. तेव्हा गाणी कॅसेटमध्ये राहायची, बाहेर आलेली फीत पेन्सिल घालून आत गुंडाळावी लागायची, आणि विमा कचेरीतल्या एका टायपिस्ट मुलीची ठाम समजूत होती की जगातला सर्वांत महत्त्वाचा अल्बम आपल्याच हातून व्हायचा आहे!

टाइपरायटरवर तिची बोटं अशी धावायची की सगळे तिला टकटक म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेही उरलं नव्हतं. तिचा जीव होता एका चौघांच्या रॉक बँडवर. या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात गायक साडेतीन मिनिटं दातांच्या दवाखान्याच्या वेळा वाचून दाखवायचा. "मंगळवारी बंद!" असं तो किंचाळला की चाहत्यांच्या अंगावर काटा यायचा. पुढे गिटारवाल्याने दूरच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि बँड संपला.

मागे उरलं चाहता मंडळ. त्यात अकरा पुरुष आणि एक टकटक. दर रविवारी अध्यक्षांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे बैठक भरे. अशाच एका बैठकीत टकटक खुर्चीवर चढून म्हणाली, "बँडचं जे काही रेकॉर्डिंग उरलंय, ते सगळं जमवून मी अल्बम काढणार!"

"तू आधी चहा टाक," अध्यक्ष म्हणाले.

"टाकते! पण अल्बम जमला तर वेष्टनावर 'संकलन' म्हणून माझं नाव हवं. खरं. पूर्ण. ठळक अक्षरांत!"

"तुला खरं नावही आहे का?" कोणीतरी विचारलं. टकटकने त्याच्या चहात साखर घातली नाही.

दुसऱ्याच दिवशी ती गिटारवाल्याच्या घरी थडकली. त्याच्या आईने पलंगाखालून बुटांचं खोकं ओढलं. आत चौदा कॅसेटी!

"ने बाई, पण आठ दिवसांत परत आण हं," काकू म्हणाल्या. "आणि ही निळ्या चिठ्ठीची जपून. ती माझी आहे."

टकटकला गहिवरून आलं. काय ही माउली! मुलाच्या इतक्या गाण्यांतून एक निवडून काळजाशी धरलंय!

घरी येऊन तिने भावाचा टेपरेकॉर्डर घेतला, त्याला आपला जोडला, हेडफोन कानावर चढवले. भावाच्या टेपरेकॉर्डरमधले सेल शेवटच्या घटका मोजत होते आणि फीत रेंगाळत फिरत होती, पण ते बघायला वेळ कोणाला होता? पहिल्या तेरा कॅसेटींतून पाच अर्धवट गाणी, एक शिंक आणि भरपूर भांडणं निघाली. मग तिने निळी लावली.

मागे दूरवर ड्रम वाजत होता आणि पुढे एक जाडाभरडा, संथ, विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज म्हणत होता, "दोन सुलट... दोन उलट... दोन एकत्र... पुन्हा तसंच..."

टकटक खुर्चीवरून घसरलीच! दवाखान्याच्या वेळांपुढचं पाऊल होतं हे! शेवटी तर आवाज म्हणाला, "आता गळ्याशी आलं... जपून!" तिला रडू फुटलं.

तिची आई दारातून कितीतरी वेळ ओरडत होती. हेडफोन काढल्यावर शेवटचं तेवढं ऐकू आलं, "...त्यापेक्षा विणकाम शीक म्हटलं, तर सुईला हात लावत नाहीस!"

"आई, मी कलेच्या कामात आहे!" म्हणून टकटकने हेडफोन पुन्हा चढवले.

तिला एकच उणीव वाटली. गाण्याला ध्रुवपद नव्हतं. तिने "दोन एकत्र" एवढाच तुकडा उचलून अकरा ठिकाणी पुन्हा जोडला, मंडळातल्या प्रत्येक पुरुषासाठी एकदा. आणि त्या गाण्याच्या सन्मानार्थ आपल्या अल्बमच्या पक्क्या कॅसेटवरही तशीच निळी चिठ्ठी डकवली. घात झाला तो इथे.

रविवारी अल्बम वाजला. शेवटच्या गाण्याला अकरा पुरुष डोळे मिटून बसले होते. अध्यक्षांनी भिंग काढून डोळे पुसले. "नाव ठळक घाला हिचं," ते म्हणाले. टकटक त्या दिवशी चालत घरी गेली नाही, तरंगत गेली! सोमवारपर्यंत चाळीस प्रती निघाल्या, आणि मंगळवारी खोकं काकूंना परत गेलं, निळ्या चिठ्ठीच्या कॅसेटसकट.

महिन्याभराने बैठकीत काकूच अवतरल्या. हातात करड्या रंगाचा स्वेटर.

"माझी बोटं धरतात," त्या म्हणाल्या, "आणि धाकट्या बहिणीला दिसत नाही, पण तिचे हात अजून चालतात. मी कॅसेटवर टाके सांगते, ती ऐकून विणते. लेक बर्फात काम करतो ना! पाठ झाली, बाह्या झाल्या, गळा तेवढा उरला होता. तो त्या निळ्या कॅसेटवर होता, शेजारच्या वरातीच्या ड्रमसकट. आता हे बघा!"

"काय झालंय याला? चांगला आहे की," म्हणत अध्यक्षांनी स्वेटर डोक्यात घातला. तो डोक्यात गेला तो तिथेच राहिला! गळ्यातून मनगट जेमतेम बाहेर आलं असतं.

काकूंनी बहिणीने शेजारणीकडून लिहवून घेतलेलं पत्र वाचलं. "ताई, तुला सर्दी फार झालेली दिसते. आवाज पुरुषी येतो. सुरुवातीला नुसता आरडाओरडा आहे, तेवढ्यात मी चहा पिऊन घेते. पण इतक्या वेळा दोन एकत्र कशाला? दर वेळी एक टाका घटतो. तू म्हणतेस म्हणून केलं."



"म्हणजे आम्ही रडलो ते..." एक चाहता म्हणाला, "...गळ्याच्या टाक्यांवर?"

"कोणी केला हा उद्योग?" काकूंनी विचारलं. एकाने वेष्टन उचलून ठळक नाव मोठ्याने वाचलं आणि इकडेतिकडे बघितलं. "ही कोण?"

कोणालाच आठवेना! माहीत होतं ते एका अध्यक्षांना, आणि त्यांचा स्वेटरच्या आतून फक्त "ऊं, ऊं" असा आवाज येत होता. त्या खोलीत टकटकचं खरं नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं. गप्प बसली असती तर सुटली असती. पण तिच्या डोळ्यांपुढे बर्फाच्या लाद्यांमध्ये कुडकुडणारा गिटारवाला आला. ज्याच्या एकेका सुरावर जीव टाकला, त्यालाच आपण गारठवलं!

"मी," तिने हात वर केला. "काकू, ती मी."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं. आधी या गृहस्थांना बाहेर काढू. मग सुया धर."

चार रविवार लागले. तीनदा उसवावं लागलं. दर वेळी काकू सांगत आणि अकरा पुरुष मागून त्याच चालीत म्हणत, "दोन उलट..."

गिटारवाल्याने तो स्वेटर निवृत्त होईपर्यंत वापरला. बँड काही पुन्हा जमला नाही. गायकाला गाड्यांच्या वेळा पुकारायची नोकरी लागली, आणि तो सुखी झाला. अध्यक्षांनी त्यानंतर जन्मभर फक्त बटणांचे स्वेटर घातले. गिटारवाल्याच्या मावशींनी मात्र पुढच्या कॅसेटी गाण्यांसकटच मागवल्या, चहाची सवय लागली म्हणून.

आणि अल्बमची दुसरी आवृत्ती निघाली! वेष्टन टकटकनेच टाइप केलं. गायिका म्हणून काकूंचं पूर्ण नाव, ठळक. 'संकलन' ही ओळ अध्यक्षांनी खोडली होती. त्या जागी काय घालायचं याचा तिने विचार केला, आणि मग, पुन्हा कोणी "ही कोण?" विचारायला नको म्हणून, तिने टाइप केलं:

विणकाम: टकटक.