पुढून ओढणारी रेव्हान

नवी रेव्हान गाडी पुढच्या चाकांवर चालणार, ही बातमी नागेंद्र घाडी सरांनी जेवताना मोबाईलवर वाचली आणि हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"काय झालं? मीठ कमी पडलंय?" जयाबाईंनी विचारलं.

"मीठ न्हाय, सिलिंडर कमी पडलेत. सहाचे तीन केले मेल्यांनी. आनि जोर सगळा पुढच्या चाकांना दिलाय."

"मग चालत न्हाय व्हय ती गाडी?"

"चालती की. चालायला काय, हातगाडी पण चालती."

घाडी सर बेळगावच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतात. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी एक लाल रेव्हान सेकंडहँड घेतली. गाडी बसकी आणि छोटी, पण इंजिन अडीच लिटरचं आणि जोर मागच्या चाकांना. पुढच्या चाकांनी वळावं, मागच्यांनी ढकलावं, ज्याचं काम त्यानं करावं, असं सरांचं तत्त्वज्ञान होतं. ते त्यांनी विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना आणि एकदा घर रंगवायला आलेल्या माणसालाही समजावून सांगितलं होतं. घरात तर चौदा वर्षं एकच वाक्य घुमत होतं, "घ्यावी तर रेव्हानच घ्यावी."

बेळगावपासून निपाणीपर्यंतचे असे अकरा भाविक जमवून सरांनी 'मागची चाकं' नावाचा ग्रुप काढला होता. अकरापैकी तिघांकडेच तसल्या गाड्या होत्या. निपाणीचे एक सभासद तर ट्रॅक्टरच्या जोरावर आत आले होते. ट्रॅक्टरचाही जोर मागच्या चाकांना, नियमात बसत होतं, म्हणून कुणाला नाही म्हणता आलं नाही.

त्या रात्री ग्रुपचा फोटो काळा झाला. दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या एका हॉटेलात दुखवट्याची सभा भरली. दुखवटा म्हणून बेळगावचा गोड कुंदा कुणी मागवला नाही, नुसत्या चहावर भागवलं. निपाणीकरांनी दोन मिनिटं उभं राहायचं सुचवलं आणि सगळे खरोखर उभे राहिले. वेटरला वाटलं, बिल न देता निघाले.

मग दत्तोपंतांनी ठराव मांडला. दत्तोपंत म्हणजे सरांचे जिवलग मित्र, पस्तीस वर्षं कोर्टात काढलेले वकील. "पुढून ओढणारी रेव्हान आम्ही चालवणार नाही आणि घरात येऊ देणार नाही. मोडेल त्याचं सभासदत्व रद्द." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सर्वांत मोठी टाळी घाडी सरांची होती.

सर घरी आले तेव्हा जयाबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा असा, की काहीतरी लपवून ठेवलंय आणि आता लपवणं सोसत नाही.

"डोळं मिटा. हात पुढं करा."

सरांच्या हातात कागद पडला. डोळे उघडून त्यांनी वाचला. नवी रेव्हान, रंग पांढरा, नाव जया नागेंद्र घाडी. मिळण्याची तारीख खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची.

"हेडमास्तरीन म्हणून निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी काय घेतलं न्हवतं बगा," जयाबाई म्हणाल्या. "माझी जुनी गाडी पण देऊन टाकली त्यात. म्हटलं, तुम्ही सारखं म्हणताय, घ्यावी तर रेव्हानच घ्यावी. आवडली न्हवं?"

सरांनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. बायकोच्या डोळ्यांत इतका आनंद त्यांनी फार दिवसांनी बघितला होता. शेवटी ते म्हणाले, "रंग बरा हाय." रात्री मात्र त्यांनी चाकांचं, सिलिंडरचं आणि ठरावाचं सगळं सांगून टाकलं.

जयाबाईंनी गाडीचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाल्या, "घाडींच्या घरात कुठली गाडी ठेवायची ते तुमचा ग्रुप ठरवत न्हाय. रवळनाथ ठरवतोय. घाटी चढली तर घरात, न्हाय चढली तर मी हूं की चूं करनार न्हाय."

ही गोष्ट खरी होती. घाडींचं मूळ गाव कणकुंबीच्या अलीकडे, रानात. गावचा रवळनाथ टेकडीवर आणि वर जायला एक चढ, त्याला सगळे घाटी म्हणतात. घरात नवीन गाडी आली की ती आधी घाटी चढून देवाच्या दारात जायची, तीही स्वतःच्या इंजिनावर. ढकलायची नाही, दोरीनं ओढायची नाही. अर्ध्यातून परत फिरली तर देवाला नको झाली असं समजायचं आणि विकायची. चुलतभाऊ शामूचा टेम्पो असाच परत फिरला आणि आठ दिवसांत संकेश्वरच्या बाजारात उभा राहिला.

सरांनी मनात गणित मांडलं. तीन सिलिंडर, पुढची चाकं, घाटीची लाल माती आणि नुकताच सरलेला पाऊस. गाडी चढणार नव्हती. ठराव शाबूत राहणार होता आणि वाईटपणा रवळनाथाकडे जात होता. सरांना शांत झोप लागली.

खंडेनवमीला सकाळी दत्तोपंत दरवर्षीप्रमाणे हजर झाले. लाल रेव्हानमधून रानात जायचं आणि देवळात पोटभर जेवायचं, हा त्यांचा नेम होता. बोळात फुलांचा हार घातलेली पांढरी गाडी बघून ते थबकले.

"घाडी, ही कोणाची?"

"माझी," जयाबाई म्हणाल्या.

दत्तोपंतांनी गाडीला एक फेरी घातली, वाकून चाकं बघितली, चष्मा पुसला. "वहिनी ग्रुपच्या सभासद नाहीत, तेव्हा चालवायला हरकत नाही. राहिला प्रश्न घरात येण्याचा. गाडी सध्या बोळात आहे. बोळ म्हणजे घर नव्हे. चला, उशीर होतोय."

गावात सरांची थोरली बहीण मनुबाई पायथ्याशी वाट बघत बसली होती. आक्काचे गुडघे गेलेले, अंग भरलेलं आणि देवाला जायची हौस दांडगी. "नव्या गाडीतच बसनार मी," म्हणत ती जयाबाईंच्या मागच्या सीटवर चढली तशी गाडी मागून चार बोटं खाली बसली.

आधी लाल रेव्हान निघाली. इंजिन डरकाळ्या फोडत, मागचा भाग दोन्ही बाजूंना हलवत, चिखल उडवत ती थेट देवाच्या दारात जाऊन उभी राहिली. दत्तोपंतांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. मग जयाबाईंनी पहिला गिअर टाकला. गाडी अर्ध्यापर्यंत छान आली. तिथं पुढची चाकं जागेवरच गरागरा फिरायला लागली आणि गाडी हळूहळू खाली घसरली. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा बॉनेटवरचा हार चिखलात गेला.

"आगं जया, देव गाडी घेईना बघ!" आतून आक्का ओरडली.

सर घाटी उतरून खाली आले. 'मी म्हणत नव्हतो?' हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण जयाबाई गाडीतून उतरून पदरानं बॉनेटवरचा चिखल पुसत होत्या. पदर नव्या साडीचा होता.

"ऱ्हाऊ दे," त्या वर न बघता म्हणाल्या. "तीस वर्षं लोकांच्या पोरांस्नी पुढं ढकलत आले. म्हटलं, एकदा आपन आपल्या गाडीतनं देवाला जाऊ. विका तुम्ही."

सरांना कसंतरीच झालं. हरली होती पुढची चाकं, आणि तोंड उतरलं होतं जयाचं. असला विजय त्यांना नको होता. अकरा माणसांसाठी आपण या बाईची गाडी विकायला लावून वाईटपणा देवाच्या गळ्यात मारायला निघालो, याची त्यांना लाज वाटली.

"थांब," ते म्हणाले. "गाडीत खोट न्हाय. चढावर सगळं वजन मागं जातंय. पुढची चाकं हलकी होत्यात आनि जोर त्येंच्यातच हाय, म्हणून फिरत्यात." सव्वीस वर्षं ही आकृती ते फळ्यावर काढत होते. बोलता बोलता ते मध्येच थांबले. "जया, गाडी उलटी घातली तर? ही चाकं उताराच्या बाजूला येतील. वजन बरोबर त्येंच्यावर पडंल. मागनं ढकलत नेतील गाडीला!"

"मग बसा आनि न्या."

सर एक पाऊल मागं सरले. एक तर ठराव होता. दुसरं म्हणजे त्यांची मान वळत नव्हती आणि रिव्हर्सची सवय नव्हती. घराचं अंगण एकच गाडी वळेल एवढं. तिथं लाल रेव्हान ऐटीत उभी असायची, अंगणातच वळून तोंड पुढं करून बाहेर पडायची. जयाबाईंची जुनी गाडी बाहेर बोळात असायची.

हे जयाबाईंच्याही ध्यानात आलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "दीडशे फुटी बोळ, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला गवळ्याची म्हस. तीन वर्षं रोज सकाळी रिव्हर्स घेत साळंला गेल्ये मी. सरा बाजूला."

"आक्का, तू तेवढी पुढच्या सीटवर ये," सर म्हणाले. "पुढं वजन पायजे."

आक्का पुढं आली, पण तिच्या ध्यानात आलं तशी ती कडाडली. "थांब रं नागू! गाडी उलटी म्हंजे देवाकडं पाठ! गावाकडं तोंड करून देवाच्या दारात जायाचं? मी न्हाय बसायची!"

आता हा पेच वर नारळ घेऊन उभ्या असलेल्या गुरवाकडे गेला. रवळू गुरव खाली आला, गाडीकडे बघितलं, कान खाजवला.

"आक्का, रिव्हर्स घेताना गाडी चालवनारी कुठं बगती?"

"मागं बगती."

"आनि मागं कोन हाय?"

"देव हाय."

"मग? गाडीचं तोंड कुटं का असंना, चालवनारीचं तोंड देवाकडंच हाय न्हवं? येऊ दे वर."

आक्काला पटलं. तरी आपलं तोंडही देवाकडेच पाहिजे म्हणून ती सीटवर गुडघे न टेकवता जमेल तेवढी मागं वळली, सीटवर हनुवटी ठेवली आणि हात जोडले. खालच्या माळावर गाडी फिरवून जयाबाईंनी एक हात शेजारच्या सीटमागं टाकला, मान वळवली आणि रिव्हर्स टाकला. पांढरी रेव्हान बारीक आवाज करत, न डगमगता, गटार आणि म्हस चुकवल्यासारखी दोन्ही बाजूंचे दगड चुकवत वर चढत गेली आणि देवाच्या पायरीपासून हातभर अंतरावर थांबली. सर मागून चिखलातून धावत होते. "जया! जया!" एवढंच त्यांना ओरडता येत होतं आणि डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलं नाही.

रवळूनं नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, उलटी आली तरी तुज्या पायाशी आली, पदरात घे!" चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. जेवणं झाल्यावर दत्तोपंतांनी ढेकर देऊन निकाल दिला. "मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. सदर रेव्हान देवाच्या दारी मागच्या चाकांवर चढली. ठरावाला बाधा येत नाही. गाडी घरात घ्यावी. आणि वहिनींना ग्रुपात घ्यावं."

"घरात म्हंजे अंगणात," जयाबाई म्हणाल्या.

"अर्थात. बोळ म्हणजे घर नव्हे, हे आपण सकाळीच ठरवलंय."

त्या दिवसापासून पांढरी रेव्हान अंगणात आणि लाल बोळात. रोज सकाळी घाडी सर आखडलेली मान वळवत, गटाराकडे बघत, सहा सिलिंडरांची गाडी गोगलगायीच्या चालीनं रिव्हर्स काढतात. जयाबाई फाटकात उभ्या राहून हात करतात, "येऊ द्या, येऊ द्या, म्हस हाय, थांबा."

एकदा त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "अहो, तुमच्या गाडीचा जोर मागच्या चाकांत हाय. पण रिव्हर्समध्ये ती चाकं चालली की पुढं. म्हंजे आता ही गाडी पुढनं ओढतीया, न्हवं?"

सरांनी ब्रेक दाबला. बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं. गवळ्याच्या म्हशीशिवाय कुणी नव्हतं.

"दत्तोपंतांस्नी सांगू नको," ते म्हणाले.