कोमट पाण्याचे तीन साक्षीदार

"अगं, पाणी तापवायचं मला शिकवतेस? जन्म गेला माझा भट्टीपुढे!"

असं छाती काढून म्हणणारा नवरा हॉटेलात आचारी, आणि ऐकणारी बायको शाळेत शिक्षिका. उद्यापासून मुख्याध्यापिका! त्या खुर्चीची वाट बघण्यात बाईंचे केस पांढरे झाले होते, आणि नेमका परवा जिन्यात पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात शेका, उद्या चालाल. बाईंना चालायचंच होतं. सगळ्या शिक्षकांसमोरून, ताठ मानेनं, न लंगडता.

आचारीबुवांनी बादली आणली, कोपरापर्यंत हात घालून ढवळली. "घे, कोमट आहे."

बाईंनी अंगठा बुडवला आणि किंचाळल्या. "अहो, कढत आहे हे!"

"छे! कढत म्हणजे हात घातल्यावर जरासं जाणवतं ते. हे कुठे जाणवतंय?"

"मग गरम कशाला म्हणता?"

"उकळी फुटली की गरम!"

बाईंनी कपाळाला हात लावला. तव्यावरचं काहीही बोटांनीच उलटणारा माणूस तो! याचा चहा पिऊन संपायचा, तेव्हा बाईंची पहिली फुंकर सुरू व्हायची.

"तुमचा हात नको. दुसऱ्या कुणाला तरी विचारा," त्या थकून म्हणाल्या. इथेच चुकलं.

दारात कपडे घेऊन इस्त्रीवाला उभा होता. त्यानं पंजा बुडवला. "बाई, हे तर गारच म्हणायचं! याच्यानं काय सूज उतरणार?"

आचारीबुवांनी लगेच उकळत्या पाण्याचं एक पातेलं बादलीत ओतलं. मग सासूबाई आल्या. त्यांची अंघोळ बारा महिने कडकडीत पाण्याची. त्यांनी बोटं घातली आणि नाक मुरडलं. "सूनबाई, आजकालच्या मुली फार नाजूक हो!"

आजकालची मुलगी पन्नाशी ओलांडलेली होती. चारचौघे म्हणतात ते खरंच असतं असं नाही, हे तिनं जन्मभर वर्गात शिकवलं होतं. पण दिवसभराच्या ठणक्यानं जीव आंबून गेला होता, आणि तिघांशी वाद घालायचं त्राण नव्हतं. आपलीच कातडी पातळ असेल, असं म्हणून बाईंनी डोळे मिटले आणि दोन्ही पाय एकदम बादलीत सोडले.

ती किंकाळी ऐकून गल्लीतली दोन दुकानं बंद झाली म्हणतात!

डॉक्टरांनी मलम लावलं. "मुरगळलेला पाय कोणता?"

"आता आठवत नाही हो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, शाळेत कुणी यायच्या आत, आचारीबुवांनी मान खाली घालून बाईंना खुर्चीपर्यंत पोचवलं. टेबलाखाली गार पाण्याचं घमेलं ठेवलं. शिक्षक अभिनंदनाला आले. बाई उठल्या नाहीत. सर्वांत ज्येष्ठ असलेले गणिताचे सर आले, तरी उठल्या नाहीत.

"बघितलंत? एका दिवसात डोक्यात हवा गेली!" बाहेर कुजबुज झाली. बाईंना सगळं ऐकू आलं आणि डोळे भरून आले. पण सांगणार काय? नवऱ्याचं कोमट?

तिसऱ्या दिवशी मात्र सगळे शिक्षक घंटेआधी वर्गात होते. कधीच वेळेवर गुण न देणारे गणिताचे सर गुणांचे कागद घेऊन टेबलापुढे उभे राहिले, बाईंनी बसा म्हणेपर्यंत.

पाय पंधरवड्यात बरे झाले. बाई अजून उठत नाहीत.