सात भागांचं इंजिन

सोमवार, नऊ तारीख. काम: कमिटीची नोटीस सावंतकाकांच्या गाडीच्या काचेवर चिकटवणे. चाळीची सेक्रेटरी मी आहे, त्यामुळे कुणालाच नको असलेली कामं माझ्याकडे येतात.

चिकटपट्टी घेऊन पटांगणात गेले तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. गाडी चालू होती आणि काका बॉनेटखाली वाकलेले. हातात वीतभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. डॉक्टरही एवढं मन लावून छाती तपासत नाहीत.

"काका, नोटीस आहे."

"थांब गो. मधलं बोलतंय."

मधलं म्हणजे मधलं सिलिंडर. गाडीला तीन आहेत. गाडी जर्मन, काकांहून थोडीच धाकटी, आणि काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. काका परळच्या एका गॅरेजात चाळीस वर्षं मेकॅनिक होते. गॅरेज बंद करून शेठ मुलाकडे परदेशी गेले तेव्हा म्हणाले, सावंत, ही तू ठेव, दुसरा कोणी हिला समजून घेणार नाही. तेव्हापासून ती भोईवाड्यात आमच्या चाळीच्या पटांगणात, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी आहे.

दिसायला मोटार, पण इंजिन स्कूटरसारखं. पेट्रोलात तेल मिसळून पाजावं लागतं. चालू झालं की कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो आणि मागून निळा धूर निघतो. या जातीच्या इंजिनाचं नाव बाजारात फार खराब. मध्येच बंद पडतं, पिस्टन जाम होतात, घेऊ नका, असं सगळे सांगायचे. हे काकांसमोर काढायची सोय नाही.

"सात भाग हलतात," ते बोटांवर मोजून दाखवायचे. "तीन पिस्टन, तीन दांडे, एक क्रँक. व्हॉल्व नाही, कॅम नाही, ऑइल पंप नाही. जे नाहीच ते मोडणार कसं?"

"मग एवढी बदनाम का?"

"लोक तेल घालायला विसरायचे. माणसाला उपाशी कामाला जुंपायचं, आणि तो पडला की म्हणायचं कामचोर. बदनाम आहे ती, पण बेभरवशाची नाही."

ही दोन वाक्यं काकांना जन्मभर पुरली. लग्न का नाही केलं म्हणून कुणी विचारलं तर तेच उत्तर, जे नाहीच ते मोडणार कसं. पुनर्विकासाचा बिल्डर आला तेव्हा मीटिंगमध्ये त्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला: तुमच्या बिल्डिंगमध्ये हलणारे भाग किती? बिल्डरने लिफ्टबद्दल माहिती दिली. काका मान हलवत बसले.

स्क्रूड्रायव्हर मात्र खरोखर कामाचा. माझा मिक्सर, चाळीचा पाण्याचा पंप, दुसऱ्या मजल्यावरचा फ्रिज, सगळ्यांना तो लावून झालाय आणि निदान चुकलेलं नाही. माझ्या मुलीला बघायला मुलगा आला तेव्हा आम्ही वर पोहे देत होतो आणि काका खाली त्याच्या मोटारसायकलीजवळ उकिडवे बसले होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "दे मुलगी. चेनला वेळेवर तेल घालतो." दिली. पाच वर्षं झाली, तक्रार नाही.

माणसांचीही ते अशीच वर्गवारी करतात. माझा नवरा डिझेल: गरम व्हायला वेळ लागतो, मग थांबत नाही. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे नुसता हॉर्न. माझ्याबद्दल मी दोनतीनदा विचारलं. "तुझं अजून ऐकतोय," म्हणाले.

आता माझी तक्रार. पूर्वी ते फक्त रविवारी गाडी चालू करायचे. चार वर्षांपूर्वी, त्यांच्या शेजारचे दळवी गेले त्या सुमारास, रोज सुरू झालं. दोघं संध्याकाळी पत्ते खेळायचे. म्हटलं, वेळ जात नसेल. पण रोज सात वाजून पाच मिनिटांनी, नेमक्या माझ्या चपात्या तव्यावर असताना, खिडकीतून धूर.

"काका, बंद करा, चपात्यांना रॉकेलचा वास लागतोय."

"पेट्रोल आहे गो. रॉकेल नाही."

पण ओरडले की बंद करायचे, लगेच. माझा वचक आहे असं मी समजत होते. एकदा दोन दिवस मुलीकडे गेले होते, तर म्हणे दोन्ही दिवस गाडी अर्धा अर्धा तास चालू होती. शेवटी वॉचमनने जाऊन सांगितलं.

तर नोटीस. शनिवारी बिल्डरचं माती तपासायचं मशीन येणार होतं, पटांगण रिकामं हवं होतं. काकांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली.

"काचेवर लावायची आहे ती," मी म्हटलं.

"काचेवर कशाला? तिला वाचता येत नाही."

वाद घालायची माझी तयारी होती. त्यांनी घातला नाही. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी गाडी न्यायला शिवडीचे एक गृहस्थ आले, काकांनीच बोलावलेले. तिकडे त्यांचं गोदाम आहे, जुन्या गाड्या जमवतात. बरोबर दोन माणसं आणि एक जाडजूड दोर. सगळी चाळ गॅलरीत उभी. दोर बघून काका तापले आणि मालवणीवर आले.

"ह्यो कित्याक? जनावर आसा काय?"

"काका, ही इंजिनं... नाव जरा तसंच आहे," गृहस्थ नम्रपणे म्हणाले.

काकांनी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात लाह्या फुटायला लागल्या. गॅलरीतून टाळ्या. काकांनी खिशातून एक छोटा स्टीलचा पेला काढला आणि गृहस्थांच्या हातात दिला. "दर लिटरमागे एवढं तेल. विसरलात, तर तिला नावं ठेवायची नाहीत." मग ते बाजूला झाले. फाटकापर्यंत बसून चला म्हणून गृहस्थांनी आग्रह केला, पण नाही बसले. धूर बराच वेळ पटांगणात राहिला.

संध्याकाळी जागा रिकामी झाल्याच्या कागदावर सही घ्यायला मी तिसऱ्या मजल्यावर गेले. काका खाटेवर बसले होते, स्क्रूड्रायव्हर मांडीवर. वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "चला, उद्यापासून आठपर्यंत झोपा."

"झोपेन. पण तुला कळणार कसं?"

"काय?"

"की मी उठलो."

मी सहीसाठी पेन पुढे केलं.

"दळव्याच्या दाराशी दुधाच्या पिशव्या किती होत्या?" त्यांनी विचारलं.

दोन होत्या. कडी मीच तोडायला लावली होती. दळवी गेल्याचा दोन दिवस चाळीत कुणालाच पत्ता नव्हता. मधल्या भिंतीपलीकडे काका होते, त्यांनाही नाही.

"इंजिन चालू झालं की तू ओरडायचीस," काका म्हणाले. "ओरडलीस की बंद करायचो. पोचलं म्हणून. ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी तू बघायला येशील. चार वर्षांत एक दिवस चुकली नाही ती." त्यांनी सही केली. "कोण म्हणतो बेभरवशाची."

कागद घेतला आणि खाली आले.

शनिवारी सकाळी धूर आला नाही. तीन चपात्या झाल्या होत्या. गॅस बंद केला, तीन मजले चढले आणि काकांचं दार दणादणा वाजवलं.

"काका, बंद करा तो आवाज."

आत सगळं शांत. मी पुन्हा हात उचलला, तेवढ्यात कडी निघाली. काका बनियनवर, हातात घड्याळ.

"सात वाजून बारा मिनिटं."

"जिने आहेत काका. माझे गुडघे बघा."

"असू दे. नवीन जोडणी. पहिले काही दिवस उशिराच स्टार्ट घेतं."

"माझं ऐकून झालं का मग? कुठलं इंजिन?"

त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. पिठाचे हात, विस्कटलेले केस, दार वाजवून जागी केलेली अख्खी गॅलरी.

"बदनाम," ते म्हणाले, आणि पुढचं अर्धं वाक्य बोललेच नाहीत.

मी खाली आले, गॅस पेटवला आणि उरलेल्या चपात्या केल्या.