काचेवरचा पूल

एका जंगलात एक सिंह राजा होता. असणारच. बाळांनो, ससा राजा असलेलं जंगल तुम्ही कधी पाहिलंय का?

या सिंहाकडे मोटार होती. मोटारीत हवेची दोन बटणं होती. एकानं बाहेरची हवा आत यायची. दुसऱ्यानं आतलीच हवा आत फिरायची.

“बाहेरची हवा?” सिंहानं नाक मुरडलं. “तिच्यात प्रजेनं श्वास सोडलेला असतो!”

म्हणून कायम आतलीच हवा.

त्या जंगलात ओढ्यावरचा पूल मोडला होता. त्याची लाकडं कोल्हा प्रधानाच्या नव्या बंगल्याला लागली होती. सायाळबाईंची पिल्लं रोज गार पाण्यातून शाळेत जायची. धाकटं तर वाहून जाता जाता वाचलं. तेव्हापासून सायाळबाईंनी राजाचा पिच्छाच पुरवला.

“महाराज, एकदा येऊन नुसतं बघा हो!”

शेवटी सिंह निघाला. थंडी मी म्हणत होती. हीटर लावला. अस्वल गाडी चालवत होतं, शेजारी कोल्हा, मागे राजा. तिघांचे श्वास आतल्या आत फिरले आणि सगळ्या काचांवर आतून धुकं धरलं.

“प्रधानजी, पूल दिसत नाही.”

“आत्ता दाखवतो, महाराज.”

कोल्ह्यानं समोरच्या काचेवर बोटानं पूल रेखाटला. कठडे काढले. कठड्यांवर दिवे काढले.

“वा! दिव्यांसकट!” सिंह म्हणाला. “उगाच बोंबलतात मेले.”

बोटाच्या रेघांमधून पलीकडचं थोडंथोडं दिसत होतं. सायाळबाई जिवाच्या आकांतानं हात हलवत होत्या, थांबा म्हणून.

“स्वागताला आल्यात बिचाऱ्या.” राजानंही हात हलवला. “अस्वलराव, घ्या पुलावर.”

अस्वल हुकमाचं ताबेदार. घेतली.

धबाक!

ओढ्याचं पाणी आत शिरलं. काचा लख्ख धुऊन निघाल्या.

“अरे, पूल मोडलाय!” सिंह गळ्याइतक्या पाण्यातून ओरडला.

“आत्ताच मोडला, महाराज,” कोल्हा म्हणाला. “मघाशी आपण स्वतः पाहिलात ना?”

सिंहाला पटलं.

सायाळबाईंनीच तिघांना ओढून काठावर आणलं. राजाला काटे टोचले, म्हणून त्यांना सक्त ताकीद मिळाली.

आता राजाला नवी मोटार आली आहे. तिच्या काचेवर पूल पक्क्या रंगानं रंगवला आहे. पिल्लं अजून ओढ्यातूनच शाळेत जातात.

तात्पर्य : काचेवर धुकं धरलं तर बाहेरची हवा आत घ्यावी, असं मोटारीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. राजानं ते मनावर घेऊ नये. काच स्वच्छ झाली की मग पूल खरोखर बांधावा लागतो.