माणसं सोडून

आप्पांच्या शेतातली वीतभर ज्वारी मी गवत समजून मुळासकट उपटली. बरं, माझा जन्म शेतकऱ्याच्या घरातला. सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि स्वच्छतेचा झटका आला, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

शेत म्हणजे लातुरातल्या आमच्या इमारतीमागचा, पार्किंग आणि पाण्याची टाकी यांच्या मधला चार खाटांएवढा तुकडा. आप्पा म्हणजे तळमजल्यावरचे मन्मथप्पा. मुलगा-सून पुण्यात, हे इथं एकटे. संध्याकाळी लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसतात आणि क्लासवरून येणाऱ्या पोरांना अडवतात.

"आज कोणाला भेटलास?"

"सरांना."

"माणसं सोडून."

उत्तर दिल्याशिवाय लिफ्ट नाही. सुरुवातीला पोरं जिन्यानं पळायची. मग हळूहळू खरंच भेटून यायला लागली. कुणी सरड्याला, कुणी मुंगळ्याला. आप्पा गंभीरपणे विचारणार, "बरा हाय का?" दुसऱ्या मजल्यावरच्या स्वरानं तर एका गोगलगायीपायी क्लास बुडवला आणि तिची आई भांडायला माझ्याकडं आली.

एकदा मलाही अडवलं. मी म्हणालो, "डासाला."

"मग? सोडलं का मारलं?"

मी जिना धरला.

तर अशा माणसाची ज्वारी मी उपटली. पेरली होती पोरांनी. स्वरा रडली. आप्पा मात्र सुकलेली रोपं ओंजळीत घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसले.

"सेक्रेटरीसाब, आता येळवस कुठं करू?"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. ज्याला शेत नाही, त्याला कुणीतरी बोलावतंच. आप्पांना मी दरवर्षी आमच्या गावच्या शेतात बोलवायचो आणि दरवर्षी नेमकं त्यांचं पोट बिघडलेलं असायचं. ते पोट नव्हतं, हे मला त्या कट्ट्यावर कळलं.

"पोराच्या शिक्षणासाठी निलंग्याचं शेत इकलं. त्याचं काई न्हाई. पण लोकाच्या बांधावर बसून आंबील गळ्याखाली उतरत न्हाई हो. औंदा म्हणलं, पोरांना आपल्या शेतात जेवू घालावं."

दुसऱ्याच दिवशी मी बी आणलं आणि पोरांच्या पहाऱ्यात पुन्हा पेरलं. उगवेपर्यंत मला टाकीकडं फिरकायची बंदी होती.

वेळ अमावास्येला पीक जेमतेम गुडघ्याला लागलं होतं. यंदा आम्हीही गावी गेलो नाही. पोरांनी पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी केली, आप्पांनी पूजा केली. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात ताकाची आंबील. मग आप्पा आंबील शिंपडत शेताभोवती निघाले. चार खाटांचं शेत, फेरी लगेच संपली. आप्पा थांबले नाहीत. दुसरी फेरी, तिसरी. मागं पोरांची खिदळती रांग. पोरं दमून बसली तरी आप्पा चालतच होते, नजर समोर, जणू बांध अजून लांब आहे. पानं वाढून आम्ही वाट बघत बसलो. निलंग्याचं शेत बरंच मोठं असावं.

परतले ते घामेजलेले, खुशीत. माझ्या पानात उंडा वाढत म्हणाले, "सेक्रेटरीसाब, आज कोणाला भेटलात? माणसं सोडून."

शेजारचं हिरवं पातं हातात धरून मी म्हणालो, "ज्वारीला."

स्वरानं वाकून बघितलं.

"काका, ते गवत हाय."